यारोस्लाव्हलच्या व्होल्कोव्ह नाट्यमंडळीस सांगलीहून खुलं पत्र

प्रति,
फ्योदर व्होल्कोव्ह नाट्यगृहाची समस्त नटमंडळी, कपडेपट, रंगभूषा, नेपथ्य आणि प्रकाशवाले, तसेच कोट सांभाळणाऱ्या आज्या,
व्होल्कोव्ह चौक, यारोस्लाव्हल, रशिया.

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. तुमच्यातल्या कुणाला मराठी येत असेल अशी माझी समजूत नाही. मुलगी रशियनमध्ये करून देणार आहे, पण ती दवाखान्यातल्या कामातून सुटेल तेव्हा. तोवर हे इथेच उघड्यावर ठेवतो. आमच्याकडच्या चार नाटकवाल्यांनी वाचलं तरी बिघडत नाही, त्यांच्याही कानावर घालण्यासारखं यात काही आहे.

मी सांगलीचा. पोटासाठी बँकेत होतो आणि बँक सुटल्यावर रोज संध्याकाळी हौशी नाटकांचा प्रॉम्प्टर. राज्य नाट्य स्पर्धेत कित्येक वर्षं विंगेत टॉर्च धरून बसलो. या कामाने एक खोड लागते. समोरचा अडखळला की आपल्याला गप्प बसवत नाही. मागे एकदा एका मुंजीत भटजींना मंत्र सुचवला होता, त्यावरून बायकोने आठवडाभर अबोला धरला. तुम्हाला लिहितोय तेही त्याच खोडीने.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी तुमच्या गावात होतो. मुलगी तिथे डॉक्टरकी शिकत होती. "बाबा, एकदा बर्फ बघून जा," म्हणाली. पहिल्या दिवशी बर्फ बघितला. दुसऱ्या दिवशी व्होल्गा बघितली, म्हणजे गोठलेलं एक पांढरं माळरान आणि त्यावर भोकं पाडून मासे धरत बसलेली म्हातारी माणसं. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "इथे नाटक कुठे लागतं?" ती हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठल्या गावात आलाय ठाऊक आहे का?"

नव्हतं ठाऊक. मॉस्कोपासून अडीच-पावणेतीनशे किलोमीटरवरचं, सहा लाख वस्तीचं एक जुनं गाव, एवढंच मला माहीत होतं. तुमच्या दारात पोचलो तेव्हा वरच्या अपोलोच्या, म्हणजे ग्रीकांच्या संगीतदेवाच्या पुतळ्याच्या, खांद्यावर आणि त्याच्या वीणेवर बर्फ साठला होता. आत शिरताना मुलीने रस्त्यातून फुलं घेतली. मी म्हटलं चार घे, चार बरी दिसतील. फुलवाल्या बाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातून एक कार्नेशन काढून घेतलं आणि तीनच ठेवली. मुलगी म्हणाली, इथे जोडीने फुलं फक्त मयताला नेतात, जिवंत माणसाला नेहमी विषम. तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्ही आहेराच्या पाकिटात शंभर कधी घालत नाही, एकशे एक घालतो.

कोट काढून दिला, नंबर कोरलेला बिल्ला घेतला. दुर्बीण भाड्याने घेतली तर जाताना रांगेत न थांबता कोट मिळतो, ही युक्ती मुलीने आधीच सांगून ठेवली होती. मग पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि तिसरी. मंडळी, त्या तिसऱ्या घंटेला माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडेही तीनच घंटा. तिसरी झाली की प्रेक्षागृहातला माणूस खाकरणं संपवतो, विंगेतला नट रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावतो, आणि प्रॉम्प्टर पहिल्या पानावर बोट ठेवतो. माझं बोट त्या दिवशी तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवलेलं होतं. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी तिसऱ्या प्रवेशात तुमच्यातल्या एका वयस्कर नटाने वाक्य गाळलं आणि समोरच्या बाईने ते सावरून घेतलं, हे मला कळलं. कसं ते विचारू नका. चाळीस वर्षांचा धंदा आहे.

परत आल्यावर जमेल तेवढं तुमच्याबद्दल वाचलं. वाचता वाचता एका जागी येऊन थांबलो, ती जागा आधी सांगतो.

१७५१ साली सेनेटचा इग्नात्येव्ह नावाचा अधिकारी दारूच्या मक्त्यांमधली लबाडी तपासायला राजधानीहून यारोस्लाव्हलला आला. दारूचा हिशेब बघता बघता त्याने गावातलं नाटक बघितलं, आणि पीटर्सबर्गला परतल्यावर त्याची बातमी दिली. जानेवारी १७५२ मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथचा हुकूम सुटला, त्या नाटकवाल्यांना दरबारी हजर करा. ऐन थंडीत घसरगाड्यांत बसून मंडळी निघाली. पुढे ऐंशीएक वर्षांनी तुमच्या गोगोलने तपासनिसाचं ते नाटक लिहिलं. आमच्या पु. ल. देशपांड्यांनी त्याचं मराठीत 'अंमलदार' केलं आणि मी त्याचं प्रॉम्प्टिंग केलंय. त्यातला अंमलदार तोतया, तो गावाकडून पैसे उकळून पसार होतो. तुमच्याकडे आलेला अंमलदार अस्सल होता. त्याने पैशाला हात लावल्याचं मी कुठे वाचलं नाही. त्याच्या एका बातमीमुळे गावातलं नाटकच गेलं.

ते नाटक उभं केलेला फ्योदर व्होल्कोव्ह तेव्हा बावीस वर्षांचा होता. जन्म १७२९ चा, कोस्त्रोमाचा. बाप व्यापारी, लवकर वारला. आईने यारोस्लाव्हलच्या पोलुश्किन नावाच्या कारखानदाराशी लग्न केलं, म्हणून हे पोर तुमच्या गावात आलं. सावत्र बापाचे गंधकाचे आणि रसायनांचे कारखाने. तो वारल्यावर धंदा फ्योदरच्या गळ्यात पडला. धंद्यासाठी राजधानीला गेला असताना त्याने तिथे नाटकं पाहिली आणि घरी येऊन कातडी ठेवायच्या वखारीत पडदा लावला. साल १७५०. आमच्या लोकांसाठी सांगतो, ते साल साधं नाही. दरबारात नाही, सरदाराच्या वाड्यात नाही, तर तिकीट काढून कुणीही यावं अशा रशियन नाटकाची सुरुवात तिथून धरतात. कातड्याच्या वखारीचा वास कसा असतो हे ज्याने कोल्हापुरात चपला घेतल्या आहेत त्याला मी समजावून सांगायला नको.

भावंडं आणि मित्र गोळा केले. त्यात शूम्स्की नावाचा न्हावी होता. द्मित्रेव्हस्की नावाचा पाद्र्याचा देखणा मुलगा होता, तो बायकांची कामं करायचा. आख्यायिका अशी की पुढे राजधानीत खुद्द सम्राज्ञीने त्याला आपल्या हाताने नटवलं. आम्हाला हे वाचताना बालगंधर्व आठवल्याशिवाय राहत नाहीत. सावत्र बहिणीने मात्र कारखान्यांवरून दावा लावला. भाऊ नाटकं करतोय आणि धंदा बुडतोय, हे तिचं दुःख मला कळू शकतं. तिच्या जागी आमची आई असती तर तिनेही तेच केलं असतं.

राजधानीत त्यांची परीक्षा झाली. त्यांनी सुमारोकोव्ह या नाटककाराचं 'खोरेव्ह' केलं, पापी माणसाच्या पश्चात्तापाचं एक धार्मिक नाटकही केलं. मग काहींना शिकायला सरदारांच्या पोरांच्या सैनिकी शाळेत घातलं. फ्योदरही तिथे होता. तिथला त्याचा एक अर्ज कागदपत्रांत राहिलाय. त्यात तो म्हणतो की परदेशातून नाटकाची पुस्तकं मागवण्यासाठी आपण कोल्ह्याच्या कातड्याचा झगा गहाण टाकला. रशियातली थंडी मी आठवडाभर खाल्ली आहे. झगा गहाण टाकणं म्हणजे काय, ते तुमच्या गावात उभं राहिल्यावर समजतं.

३० ऑगस्ट १७५६ ला सरकारी रशियन नाट्यगृहाचा हुकूम निघाला. कारभारी सुमारोकोव्ह झाला, पहिला नट फ्योदर. पुढे कारभारही फ्योदरकडे आला. १७६३ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोच्या रस्त्यांवरून मुखवट्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. ती त्यानेच बसवली होती. घोड्यावरून तिच्या मागेपुढे धावताना त्याला सर्दी-ताप भरला आणि तो गेला. चौतीस वर्षांचा.

इथवरची गोष्ट रशियाच्या इतिहासात सगळे सांगतात. मला उत्सुकता होती ती मागे राहिलेल्या गावाची. ज्या गावातून अख्खी मंडळी उचलून नेली, तिथे पडदा पुन्हा कोणी लावला? पुढची कित्येक वर्षं तिथे गव्हर्नराच्या वाड्यापुरतं काही होत राहिलं. मग १८१९ च्या सुमारास जुना मातीचा तट पाडलेल्या जागेवर पक्कं नाट्यगृह उभं राहिलं. खासगी ठेकेदार आले, बुडाले, नवे आले. इमारत जुनी झाली. शतकाच्या शेवटी नगरपालिकेने ती ताब्यात घेतली आणि मग नवी बांधायचं ठरवलं. स्पर्धा लावून निकोलाय स्पिरिन नावाच्या मॉस्कोच्या तरुण स्थापत्यकाराचा आराखडा निवडला. १९११ मध्ये आजची इमारत उघडली आणि तिला व्होल्कोव्हचं नाव दिलं.

मला ते नाव फार आवडलं. नगरपालिकेचं नाट्यगृह म्हटल्यावर तुमच्या काळात झारचं नाव देता आलं असतं, आमच्या काळात आमदाराच्या वडिलांचं देता येतं. तुमच्या पालिकेने गाव सोडून गेलेल्या पोराचं दिलं. दीडशे वर्षं झाली होती त्याला जाऊन. राजधानीत त्याचं नाव सुमारोकोव्हच्या खालोखाल येतं, यारोस्लाव्हलात ते दर्शनी भिंतीवर आहे.

आता तुमच्या मंडळीबद्दल. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्याकडे नाटक कंपनीला मंडळीच म्हणत. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. सगळे एका बिऱ्हाडात राहत, एका पंगतीला जेवत, आचारी बरोबर, कपडेपटाच्या पेट्या बैलगाडीत. बोलपट आले आणि ती बिऱ्हाडं एकेक करून मोडली. आज मराठीत चांगली नाटकं होतात, भरपूर होतात, पण बहुतेक नटांचं त्या नाटकाशी नातं प्रयोगापुरतं. त्याला 'नाईट' मिळते, म्हणजे त्या रात्रीचे पैसे. प्रयोग नाही तर नाईट नाही. एकाच वेळी तीन नाटकं, एक मालिका आणि एका डबिंगची तारीख सांभाळणारा नट मी बघितलाय. त्याला दोष देत नाही. घरभाडं त्याला दर महिन्याला द्यावं लागतं.

तुमच्याकडे नट महिन्याच्या पगारावर असतो, एकाच घरात तीस-तीस वर्षं असतो. आज राजा, उद्या दरवान, परवा सुटी, आणि त्याच महिन्याच्या पत्रकावर सहा-आठ नाटकं आलटून पालटून लागलेली. परगावच्या प्रेक्षकाला हे नेहमीचंच वाटेल. पण गावचा प्रेक्षक त्या नटाला तरुणपणी नायक म्हणून बघतो आणि चाळीस वर्षांनी त्याच रंगमंचावर नायकाचा आजा म्हणून बघतो. नटाचं म्हातारपण गावाच्या डोळ्यांसमोर घडतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई एक म्हातारे गृहस्थ रंगमंचावर येताच, ते तोंड उघडायच्या आत, हसायला लागल्या. त्यांची जुनी ओळख होती, फक्त रंगमंचाच्या या बाजूने त्या बाजूला.

फिर्स शिशिगिन १९६० ते १९७८ तुमच्याकडे मुख्य दिग्दर्शक होता. अठरा वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली मंडळी राहिली की काय होतं ते नट सांगतील त्याहून बाकावरचे लोक चांगलं सांगतील. त्याच काळात, १९६६ मध्ये, तुमच्या नावापुढे 'अकादमिक' ही सन्मानाची पदवी लागली. ग्रिगोरी बेलोव्हसारखा माणूस तुमच्या मंडळीतून उठून रिम्स्की-कोर्साकोव्ह या संगीतकारावरच्या चित्रपटात नायक झाला, वालेरी नेल्स्कीला देशाचा सर्वोच्च नटाचा किताब मिळाला. गावाला नाट्यशिक्षणाची उच्च संस्था मिळाली ती १९८० मध्ये, आता तिला शिशिगिनचंच नाव आहे. म्हणजे नट घडवायलाही तुम्हाला मॉस्कोला जायची गरज राहिली नाही. इथे मला हेवा वाटला, तो लपवत नाही. आमच्याकडे हौशी पोरं अभिनयाचं शिबिर म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवस येतात आणि सोळाव्या दिवशी मुंबईची गाडी पकडतात.

नटांबद्दल एक गोष्ट राहिली. संहितेची पानं हातातून जमिनीवर पडली तर तुमच्याकडचा नट आधी त्यावर बसतो आणि मग उचलतो, असं मुलीने सांगितलं. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, त्यावर बसायची कल्पनाही कुणाला सहन होणार नाही. पण या दोन्हींमागची भीती एकच असावी असं मला वाटतं. पान पडलं, आता वाक्यही पडेल. प्रॉम्प्टर म्हणून त्या भीतीवरच माझा चहा-वडा चालला.

आता तो फेब्रुवारी. मी तुमच्या गावात होतो त्याच महिन्यात सरकारातून जाहीर झालं की व्होल्कोव्ह नाट्यगृह आणि पीटर्सबर्गचं अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृह एकत्र करून देशाचं पहिलं राष्ट्रीय नाट्यगृह करायचं. कागदावर कल्पना मोठी गोड होती. एकाचा उगम १७५० चा, दुसऱ्याचा १७५६ च्या हुकुमातला, आणि दोन्हींच्या मुळाशी तोच फ्योदर. मग वेगळे कशाला? नाटक संपल्यावर कोट घ्यायला गेलो तर कोटघरातल्या आजी माझ्या मुलीशी तावातावाने बोलत होत्या. मला त्यातला एकच शब्द कळला, 'पीटर', म्हणजे पीटर्सबर्ग. बाहेर आल्यावर मुलीने अर्थ सांगितला. तेव्हा इग्नात्येव्ह मला माहीत नव्हता. आता कळतं त्या आजी कशावर चिडल्या होत्या. दोनशे सदुसष्ट वर्षांनी पुन्हा घसरगाडी दारात येऊन उभी राहिली होती.

तुमचे कलाप्रमुख येव्हगेनी मार्चेल्ली त्याच वर्षी नाट्यगृह सोडून गेले. पण बेतही बारगळला. गावात आणि देशभरच्या नाटकवाल्यांत इतका गलका झाला की, घाई नको, असं वरूनच सांगण्यात आलं. मंडळी, हे तुम्ही केलंत. त्यासाठी हे पत्र आधीच लिहायला हवं होतं. मी टाळत राहिलो आणि मग पुढचं घडलं.

ते पुढचं टाळून मला पत्र पुरं करता येत नाही. मार्चेल्लींनंतर सेर्गेई पुस्केपालिस तुमचे कलाप्रमुख झाले. बर्लिनच्या महोत्सवात २०१० मध्ये नटाचं रौप्य अस्वल घेतलेला माणूस. सप्टेंबर २०२२ मध्ये ते तुमच्याच प्रांतात रस्त्यावरच्या अपघातात गेले. तोवर युक्रेनमधलं युद्ध सुरू होऊन सात महिने होत आले होते. त्याच वर्षी १६ मार्चला युक्रेनमधल्या मारिउपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. तेही तुमच्यासारखंच एका प्रांताचं नाट्यगृह. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती, आणि बाहेर जमिनीवर आकाशातून दिसेल एवढ्या रशियन अक्षरांत 'मुलं' असं लिहून ठेवलं होतं. हल्ला रशियन विमानांचा, असा निष्कर्ष मानवी हक्कांचं काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीच्या तपासात निघाला, मॉस्कोने तो नाकारला. तुम्ही नट आहात, सेनापती नाही, हे मला कळतं. तुमच्यातल्या कुणाला काय बोलता येतं आणि काय नाही, याचा अंदाज सांगलीत चहा पीत बसलेल्या माणसाने बांधू नये. पण ज्या इमारतीत तीन घंटा होतात तिथे बॉम्ब पडला, हे एका रंगमंदिराने दुसऱ्या रंगमंदिराला सांगायचं नाही तर कुणी सांगायचं? म्हणून सांगितलं.

आता माझी मागणी. लहान आहे.

तुमच्या गावचा आणखी एक मुलगा होता, गेरासिम लेबेदेव्ह. जन्म १७४९ चा, यारोस्लाव्हलचा. फ्योदरची घसरगाडी गावातून गेली तेव्हा हा जेमतेम दोन-तीन वर्षांचा. घर पाद्र्याचं, हात वाद्यावर. स्वतःच्या हिमतीने व्हायोलिनवादक झाला. रशियाच्या राजदूताबरोबर युरोपात फिरला, १७८५ मध्ये जहाजाने मद्रासला उतरला आणि दोन वर्षांनी कलकत्त्याला गेला. तिथे गोलोकनाथ दास नावाच्या गुरुजींकडे तो बंगाली, हिंदुस्थानी, संस्कृत शिकला. इंग्रजीतलं एक हलकंफुलकं नाटक त्याने बंगालीत केलं. गोलोकनाथ म्हणाले, हे लोकांसमोर करू या, नट आपलेच आणू या. डोमतल्याला लेबेदेव्हने स्वतःच्या खर्चाने नाट्यगृह बांधलं. २७ नोव्हेंबर १७९५ ला पहिला प्रयोग झाला, आठ रुपये आणि चार रुपये तिकीट. भारतचंद्र राय या बंगाली कवीच्या गाण्यांना त्याने सूर दिले. आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या! पुढच्या मार्चमध्ये आणखी एक प्रयोग झाला, आणि संपलं. शहरातल्या इंग्रजी नाटकवाल्यांनी आपल्याला बुडवलं, असं त्याचं म्हणणं. १७९७ मध्ये कर्जबाजारी होऊन त्याने हिंदुस्थान सोडला. लंडनमध्ये हिंदुस्थानी बोलींचं व्याकरण छापलं, पीटर्सबर्गला जाऊन भारतीय अक्षरांचा छापखाना काढला, १८१७ मध्ये वारला.

कलकत्त्यातल्या त्या पहिल्या प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८४३ ला, आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्यांना लेबेदेव्ह ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिला आणि पदरच्या विष्णूला म्हणाले, असं काही आपल्याकडे कर. राजे १८५१ मध्ये गेले, आश्रय सुटला, आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी बाहेर पडली. १८५३ मध्ये ती मुंबईला पोचली आणि तिथे तिकीट लावून खेळ केले. तुमच्या गावातून नाटक हुकमाने गेलं, आमच्या गावातून उपासाने. मुंबईने ते पुढे खूप मोठं केलं, याबद्दल वाद नाही. पण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो आणि भाव्यांच्या नावाचं पदक घ्यायला मोठमोठ्या नटांना सांगलीला यावं लागतं. त्या दिवशी मुंबईचा नट आमच्या दारात, रांगेत. वर्षातून एकदाच, पण आम्ही ते फार चवीने साजरं करतो.

तर मागणी अशी. येत्या २७ नोव्हेंबरला तुमच्याकडे जे काही लागलेलं असेल, विनोदी असो, शोकांतिका असो, त्याच्या तिसऱ्या घंटेच्या आधी रंगमंचावर येऊन कुणीतरी एक वाक्य बोलावं. या गावच्या गेरासिम लेबेदेव्हने आजच्या दिवशी कलकत्त्यात पडदा उघडला, एवढंच. त्याचं स्मरण तुमच्याकडे कुठल्या भिंतीवर आधीच असेल तर उत्तमच, माझी माफी समजा. पण भिंतीवरचं नाव वाचायला माणूस थांबत नाही. नटाने घेतलेलं नाव शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जातं. भाषणबाजी नको. लांबलं तर प्रेक्षक खाकरायला लागतो, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

आणि दुसरी मागणी नाही, आमंत्रण आहे. दिवस बरे आले, सीमा सैल झाल्या, कुणाला कुठे जायला बंदी राहिली नाही, की एका ५ नोव्हेंबरला सांगलीला या. सगळी मंडळी नाही आणता आली तर दोघे-तिघे या, पण विषम संख्येने. आमच्या तालमीच्या जागेत पंखा एकच आहे आणि तो प्रॉम्प्टरच्या बाजूला फिरत नाही, ही तक्रार मी वीस वर्षं करतोय. नाटक तुमच्या भाषेत करा, आम्हाला समजेल. मध्यंतरात बटाटेवडा मिळेल, तो गरम असतानाच खा. तुमच्या उपाहारगृहातल्या पावावर माशाची अंडी मी खाल्ली होती, त्याची परतफेड.

कोट ठेवायला मात्र आमच्या नाट्यगृहात जागा नाही. लागणारही नाही. पण नोव्हेंबरात कृष्णेच्या काठावर पहाटे जरा गार वाटतं, तेवढी एखादी शाल बरोबर असू द्या.

आपला,
सांगलीचा एक प्रॉम्प्टर